दाभोळची वीज

बटण दाबले की दिवा लागतो. पण विजेचा भाव कोण ठरवतो, हे आपण विचारीत नाही. म्हणून दाभोळची हकीकत सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळच्या खाडीकाठी वेलदूर गाव आहे. तिथे मासेमार राहतात. त्या भागात एन्रॉन या अमेरिकन कंपनीचे वीजकेंद्र यायचे ठरले. १९९३ साली राज्याच्या वीज मंडळाने करार केला. त्यात एक मेख होती. वीज घ्या किंवा घेऊ नका, ठरलेला आकार द्यायचाच! टांग्यात न बसता रोज भाडे मोजावे, तशातली गत.

मासेमारांची काळजी निराळी. यंत्रे थंड करताना पाणी तापते. ते गरम पाणी बाहेर सोडले तर मासळी दूर जाईल, मग पोरांनी खायचे काय? त्यांनी विरोध केला. जून १९९७ मध्ये पोलीस भल्या पहाटे वेलदूरच्या घरांत शिरले आणि बायकांना धरून नेले. हे आम्हाला आजही पटत नाही.

१९९९ साली वीज सुरू झाली. ती नाफ्त्यावर होई, फार महाग पडे. मंडळाला पैसे देववेनात. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले. त्याच डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे वाजले. पुढे २००५ साली सरकारी कंपन्यांना ते केंद्र हाती घ्यावे लागले.