शस्त्रक्रिया पाळीच्या कितव्या दिवशी?

स्तनातली कर्करोगाची गाठ काढायची तारीख ठरते ती थिएटर कधी मोकळे आहे, पैशांची सोय कधी होते आणि सोबत कोण येणार यावर. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलकडच्या एखाद्या पाड्यावरून नाशिकला किंवा थेट परळच्या टाटा रुग्णालयात जायचे तर त्यात एसटीचे वेळापत्रकही आले. बाईची पाळी शेवटची कधी आली होती, याची चौकशी तारीख ठरवताना कोणी करत नाही.

कर्करोग शल्यविशारद डॉ. राजेंद्र बडवे यांनी ती केली. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या 249 बायकांच्या जुन्या नोंदी त्यांनी सहकाऱ्यांसह तपासल्या आणि 1991 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. पाळी सुरू झाल्यापासून 3 ते 12 दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 10 वर्षांनी 54 टक्के हयात होत्या, बाकीच्यांत 84 टक्के. आकडे इतके टोकाचे, की अनेकांचा विश्वास बसला नाही. इतर रुग्णालयांच्या नोंदींनीही एकमुखी साथ दिली नाही.

पण बडव्यांच्या शंकेला आधार होता. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात शरीरात अंडाशयांत तयार होणारे इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढत असते आणि प्रोजेस्टेरॉन जवळपास नसते. इस्ट्रोजेन पेशीत शिरून आपल्या रिसेप्टरला, म्हणजे ग्राहक प्रथिनाला, चिकटते. ही जोडी डीएनएवर जाऊन बसते आणि पेशीला विभाजनाकडे ढकलणारी सायक्लिन डी 1 सारखी जनुके जागी होतात. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी 1896 साली अंडाशये काढून स्तनातली गाठ आक्रसलेली दाखवली, तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते; 'हार्मोन' हा शब्दही 1905 सालचा.

मग टाटा रुग्णालयात बडव्यांनी प्रश्न उलटा मांडला: पाळीची वाट कशाला पाहायची, प्रोजेस्टेरॉनच टोचून पाहू. 1997 पासून सुमारे 1,000 रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेआधी 5 ते 14 दिवस हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे 500 मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन मिळाले. 2011 साली निकाल आला. सगळ्या रुग्ण धरल्या तर 5 वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण 73.9 विरुद्ध 70.2 टक्के, एवढा फरक योगायोगानेही पडतो. काखेतल्या लसीका ग्रंथींपर्यंत रोग पोचलेल्या 471 जणींत मात्र तो 65.3 विरुद्ध 54.7 होता.

इथे हुरळून जायचे कारण नाही. मुख्य प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले आणि एका गटापुरते 'हो' आले, तर ते 'हो' पुन्हा पारखून घ्यावे लागते.

खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा रुग्णालयाच्याच संशोधन केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या गटाने प्रोजेस्टेरॉन पेशीत काय करते ते शोधले. ते एसजीके 1 हे जनुक वाढवते, त्यातून एनडीआरजी 1 वाढते आणि कर्करोगपेशींच्या स्थलांतराला लगाम बसतो. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर नसलेल्या पेशींतही हे घडले, ही त्यातली खरी चक्रावणारी गोष्ट.

हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे औषध जुने आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या परिचयाचे आहे. नव्या चाचणीवर पैसा ओतावा असा नफा त्यात कुठल्या कंपनीला दिसणार? नेहमीच्या उपचारांत ते आजही नाही. तिथे चालतो तो गाठीच्या तुकड्याचा अहवाल. त्यात ईआर (इस्ट्रोजेनचा रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर) आणि हर 2 (पेशींची वाढ चालवणारे एक प्रथिन) या तीन नोंदी असतात. ईआर पॉझिटिव्ह असेल तर इस्ट्रोजेनची जागा अडवणारी टॅमॉक्सिफेनसारखी गोळी 5 ते 10 वर्षे घ्यावी लागते.