राखलेला माळ

ओटर्लो, नेदरलँड्स

होखे फेलुवे या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापाशी जी पांढरी सायकल मिळते तिला हँडलवर ब्रेक नसतो. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. हे मला सांगितलेलं होतं, कळलंही होतं. पण सोलापुरात सायकल शिकलेल्या हातांना ते कोण समजावणार? वाळूच्या टेकाडावरून पहिला उतार लागला, समोरून एक वयस्कर जोडपं येताना दिसलं, माझ्या दोन्ही मुठी हवेतच आवळल्या गेल्या आणि मी थेट बाजूच्या झुडपात. लागलं काहीच नाही. आजींनी उतरून विचारपूस केली. आजोबा मात्र सायकलवरूनच ओरडले, ‘पायाने, पायाने!’

पडल्याचा एक फायदा झाला. ज्या जांभळ्या रंगासाठी माणसं दुरून येतात तो नाकापासून चार बोटांवर आला. हेदरचं झुडूप जेमतेम गुडघ्याइतकं, खोड काटकीसारखं कडक आणि फूल ज्वारीच्या दाण्याएवढं. एकेका काडीला अशी कितीतरी फुलं खालून वर लगडलेली. मधमाश्यांची एकसारखी गुणगुण. ऑगस्टात मधपाळ आपल्या पेट्या मुद्दाम हेदरच्या माळांवर आणून ठेवतात. इथला मध जेलीसारखा घट्ट असतो, पोळ्यातून सहजी गळत नाही. आता सप्टेंबरचा दुसरा आठवडा, बहर ओसरतोय. जांभळ्यावर तपकिरी छटा चढली आहे.

आर्नहेम, एडे आणि आपेलडोर्न या तीन गावांच्या मधलं सुमारे ५,४०० हेक्टरांचं हे रान. पाइनचं जंगल, हेदरचा माळ आणि मधेच उघडी वाळू. सपाट म्हणून प्रसिद्ध असलेल्या देशात इथे चक्क चढउतार आहेत. दीडेक लाख वर्षांपूर्वी उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाने वाळू आणि गोटे पुढे रेटले, त्यांचे हे ढीग. फेलुवे या सगळ्या टापूचा सर्वांत उंच माथा ११० मीटरच्या आसपास भरतो. आपल्याकडे त्याला कुणी नावही ठेवलं नसतं. इथे लोक गिअरच्या सायकली घेऊन ‘डोंगर’ चढायला येतात.

पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं होतं, हा सगळा पसारा निसर्गाचा. तसं मुळीच नाही. हेदरचा माळ ही शेतकऱ्याने केलेली वस्तू आहे, शेणखताच्या गरजेतून झालेली. इथली जमीन निव्वळ रेताड. तिच्यात राय पिकवायची तर खत हवं. म्हणून गावोगावी मेंढरं पाळली जात. दिवसभर ती माळावर चरायची, रात्री गोठ्यात. शेतकरी माळावरची हेदर मुळासकट, मातीच्या पापुद्र्यासकट कुदळीने कापून आणायचा आणि मेंढरांखाली अंथरायचा. लेंड्या-मुताने ती भिजली की गाडीत भरून शेतात. शतकानुशतकं हेच चाललं, इतकं की काही ठिकाणी शेतं मीटरभर उंच झाली आहेत. माळ मात्र खरवडला जात राहिला. माझ्या आजोळी धनगरांना धान्य देऊन मेंढरं रानात बसवत. तिथे खत आपल्या पायांनी शेतात येई, इथे माळच उचलून शेतात नेला. गणित एकच.

खरवडण्याचा अतिरेक झाला तिथे वाळू सुटली आणि वाऱ्याबरोबर शेतांवर, घरांवर चालून जाऊ लागली. पावसाळी युरोपात वाळवंट! ओटर्लोच्या बाजूला त्या वाळूचा एक पट्टा अजून मोकळा आहे. तिथे सायकल ढकलत न्यावी लागते. पुढे रासायनिक खत आलं, ऑस्ट्रेलियाची स्वस्त लोकर आली, मेंढरू परवडेना. १८९९ मध्ये सरकारने वनखातं काढलं आणि ‘पडीक’ माळांवर पाइनच्या रांगा उभ्या राहिल्या. लिम्बुर्खच्या कोळसाखाणींना टेकू म्हणून पाइनचं लाकूड हवं होतं. मोडण्याआधी ते करकरतं आणि कामगाराला पळायला वेळ मिळतो, अशी त्याची ख्याती. खाणी १९७४ मध्ये संपल्या, झाडं राहिली. म्हणून इथल्या जंगलात बरीच झाडं कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसतात. ‘पडीक’ हा शब्द मात्र मला ओळखीचा वाटतो. आमच्या सोलापूरकडच्या माळरानांवरही हाच शिक्का बसला आणि माळढोकाच्या जागेत झाडं लावण्याचे उत्साही कार्यक्रम झाले.

हे रान वाचलं ते एका श्रीमंत जोडप्याच्या हौसेमुळे. आन्तोन क्रोलरचा जहाजांचा आणि खनिजांचा व्यवसाय होता. त्याला शिकार हवी होती, बायको हेलेनला चित्रं. १९०९ पासून त्यांनी इथे जमीन घ्यायला सुरुवात केली. बेर्लाखे या नामवंत वास्तुकाराकडून हरणाच्या शिंगांच्या आकाराचा शिकारवाडा बांधून घेतला. मंदीत धंदा डबघाईला आला तेव्हा, १९३५ मध्ये, न्यास करून सरकारी कर्जावर रान वाचवलं गेलं आणि चित्रं देशाला दिली गेली, संग्रहालय बांधण्याच्या अटीवर. ते १९३८ मध्ये उघडलं, पुढच्याच वर्षी हेलेन वारली. व्हॅन गॉगची (इथे ‘फान खोख’ म्हणावं लागतं, घसा खाकरून) नव्वदच्या आसपास तैलचित्रं त्या रानात आहेत. त्यांच्यावर वेगळं पत्र लिहीन. आज पाय मोकळे करायचे होते. एक तक्रार तेवढी नोंदवते. रानात शिरायचं तिकीट वेगळं, संग्रहालयाचं वेगळं. झाडं बघायला पैसे मोजायची माझी अजून तयारी होत नाही.

सायकली मात्र फुकट. जवळपास १,८०० आहेत, कुलूप एकीलाही नाही. कुठलीही घ्या, कुठेही उतरा. चालून परत आलात आणि तुमची कुणी नेली असेल तर शेजारची घ्या. मूळ कल्पना अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘प्रोव्हो’ या बंडखोर तरुणांची. १९६५ मध्ये त्यांनी रंगवलेल्या पांढऱ्या सायकली सर्वांसाठी रस्त्यावर ठेवल्या. बिनकुलपाची सायकल ठेवणं नियमात बसत नाही म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. शहरात फसलेला समाजवाद इथे जमला, कारण रानाला चहूबाजूंनी कुंपण आहे.

आज हेदरचा शत्रू कुदळ नाही, गाय आहे. हेदरला उपाशी माती लागते. रानाच्या पश्चिमेला गाई, डुकरं आणि कोंबड्यांचे दाट गोठे आहेत. तिथून उठणारा अमोनिया पावसातून माळावर उतरतो, माती सुपीक होते आणि गवत हेदरवर चढतं. आम्लामुळे मातीतला चुना धुऊन जातो, गोगलगायी कमी होतात आणि आपल्या वल्गुलीच्या जातीच्या इवल्या पक्ष्यांच्या पिल्लांची हाडं घरट्यातच मोडलेली आढळतात. मे २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नायट्रोजनविषयीचं सरकारी धोरण रद्द ठरवलं, हजारो बांधकामं आणि गोठ्यांचे परवाने अडकले आणि ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगवर चालून गेले. कधीकाळी खतासाठी खरवडलेला माळ आता फुकट खत मिळू नये म्हणून यंत्राने खरवडतात. त्या पट्ट्यांतली काळी, नागडी माती बघताना मला पहिल्यांदा राग आला होता. आता तिच्यात उगवलेली हेदरची बोटभर रोपं शोधायची सवय लागली आहे.

मेंढरांचाही प्रश्न आहेच. क्रोलरने १९२१ मध्ये दक्षिणेतून आणलेली रानमेंढरं, म्हणजे मुफ्लॉन, पाइनची रोपं खुडून माळ मोकळा ठेवत. लांडगा या देशातून दीडशे वर्षांपूर्वी संपला होता. २०१५ पासून जर्मनीतून पुन्हा येऊ लागला आणि २०१९ मध्ये फेलुवेवर त्याला पिल्लंही झाली. कुंपण त्यालाही अडवू शकलं नाही, आणि मुफ्लॉनांची पुरती वाताहत झाली. लांडगा राखायचा की मेंढरू, यावर इथे कडाक्याचे वाद होतात. ‘निसर्ग’ म्हणजे नक्की कोण, हे ठरत नाही तोवर ते मिटायचे नाहीत.

संध्याकाळी आम्ही दहा-बाराजण हरणांची वाट बघत लाकडी आडोशामागे बसलो. घडीच्या खुर्च्या, थर्मास, दुर्बिणी. शब्द एकही नाही. सूर्य पाइनांमागे गेला आणि घसा बसलेल्या म्हशीसारखा हंबरडा ऐकू आला. माळावर धुकं, त्यात शिंगांचा एक डोलारा. पलीकडून दुसऱ्या नराने उत्तर दिलं. शेजारच्या बाईंनी न मागता दुर्बीण माझ्या हातात दिली. त्या नराच्या मानेचे केस ओले दिसत होते, तोंडातून वाफ निघत होती. माद्या चरत होत्या. त्याच्याकडे एकीनेही मान वळवली नाही.

अंधार पडू लागल्यावर उठले. ज्या झाडाला टेकून सायकल ठेवली होती तिथे ती नव्हती. नियमाप्रमाणे शेजारची घ्यायची, पण शेजारी एकच उरली होती, लहान मुलांची. गुडघे हँडलला आपटत फाटकाकडे निघाले. उतार आला तेव्हा हात पुन्हा आवळले गेले. या वेळी मात्र पायांनीही ऐकलं.