बेडस्पेसमधला राग: सजगतेविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुबईच्या पूर्वेला, शारजाच्या हद्दीला लागून असलेल्या अल कुसैस भागात निवासी इमारती, भारतीय शाळा आणि औद्योगिक वसाहत एकमेकींना खेटून उभ्या आहेत. मेट्रोच्या हरित मार्गाने २०११ पासून उर्वरित शहराशी जोडला गेलेला हा भाग मध्यम व अल्प उत्पन्नाच्या नोकरदारांचा आहे, आणि कुटुंब मायदेशी ठेवून आलेल्यांपैकी अनेकजण येथे ‘बेडस्पेस’ घेऊन, म्हणजे सामायिक खोलीतील एका पलंगापुरती जागा भाड्याने घेऊन राहतात. अशा खोलीत एकाची ड्युटी संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते. कुणाचा गजर पहाटे चारला वाजतो, कुणी मध्यरात्री घरच्यांशी स्पीकरवर बोलतो, कुणाला एसी १८ वर हवा असतो तर कुणाला बंद, आणि खरकटे भांडे कुणाचे यावर आठवडाभर अबोला चालतो. यांतील एकही गोष्ट मोठी नसते. पण ती रोज घडते आणि तिच्यापासून उठून जायला दुसरी खोली नसते, म्हणून ती माणसाला पोखरते.

यावर उपाय म्हणून हल्ली सजगता सुचवली जाते. सजगता म्हणजे या क्षणी शरीरात, मनात आणि भोवताली जे घडत आहे त्याकडे, त्याला लगेच चांगले-वाईट न ठरवता, जाणीवपूर्वक लक्ष देणे. हा उपाय उपयोगी आहे, पण त्याभोवती इतके गैरसमज साचले आहेत की अनेकजण तो चुकीच्या रीतीने करतात आणि आठवड्याभरात सोडून देतात.

सर्वांत घट्ट गैरसमज असा की सजग माणसाला राग येतच नाही, आणि आला तरी त्याने तो गिळावा. भावना चेहऱ्यावर न दिसू देण्याच्या या प्रयत्नाला मानसशास्त्रात भावदमन म्हणतात. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९३ व १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अप्रिय किंवा दुःखद चित्रफिती पाहताना भावना दडपण्यास सांगितलेल्या लोकांचे चेहरे शांत राहिले, परंतु आतली भावना कमी झाली नाही, उलट शरीरातील ताणाच्या काही खुणा वाढल्या. सजगतेत याच्या नेमके उलट करायचे असते, कारण तेथे राग ओळखून मनातल्या मनात त्याचे नाव घेतले जाते: जबडा आवळला आहे, छाती तापली आहे, हा राग आहे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की भावनेला शब्द दिल्यावर अमिग्डाला या, धोक्याची दखल घेणाऱ्या मेंदूच्या भागातील सक्रियता घटते. राग तेथेच राहतो. मात्र त्याची जाणीव झाल्यामुळे तोंडातून शब्द निघण्याआधी थोडा अवकाश मिळतो, आणि सामायिक खोलीतील शांतता बहुतांशी त्या अवकाशावरच अवलंबून असते.

दुसरी समजूत याच्या विरुद्ध टोकाची आहे: राग एकदाचा बाहेर काढला की माणूस मोकळा होतो. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात, अपमान करणाऱ्या व्यक्तीचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक काहीही न करता बसलेल्यांपेक्षा अधिक रागावलेले आढळले. पुढे सोफी क्यॅर्विक आणि बुशमन यांनी दीडशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या विश्लेषणात संथ श्वसन, ध्यान, स्नायू-शिथिलीकरण अशा शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या कृतींनी राग कमी होतो, उत्तेजना चढवणाऱ्या कृतींनी एकंदरीत होत नाही, असा निष्कर्ष निघाला. अमिरातीत या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या सायबर गुन्हेविषयक कायद्यानुसार ऑनलाइन माध्यमातून कुणाला शिवीगाळ करणे हा गुन्हा असून त्यासाठी कैद किंवा अडीच ते पाच लाख दिरहम दंड होऊ शकतो, त्यामुळे रूममेटला रागाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली एक शिवीसुद्धा फार महाग पडू शकते.

सजगता हे परदेशी फॅड आहे, असे मराठी माणसाने तरी म्हणू नये. जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत १९७९ मध्ये रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला, त्याच्या आधीच सत्यनारायण गोयंका यांनी शिकवलेली विपश्यना इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात रुजली होती. आणि लोकांच्या निंदेने उद्विग्न होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी, म्हणजे कामट्यांचे दार, लावून बसले तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने त्यांना दार उघडायला लावले, अशी परंपरा ‘ताटीचे अभंग’ सांगतात. दुसऱ्यांच्या वागण्याने त्रासलेल्या मनाचा विचार मराठीत असा सात शतकांपासून चालू आहे.

निवांत खोली आणि तासभर वेळ असल्याशिवाय हे जमत नाही, ही समजूत बेडस्पेसमध्ये राहणाऱ्याला तर पहिल्याच दिवशी परतवून लावते. प्रत्यक्षात मेट्रोत उभे असताना तळपायांचा भार जाणवून घेणे किंवा श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ देणे एवढ्याने सुरुवात होते. श्वास संथपणे सोडल्याने हृदयाची गती उतरवणाऱ्या परानुकंपी मज्जासंस्थेला चालना मिळते, हे शरीरशास्त्र आहे, श्रद्धेचा विषय नाही, म्हणून कोणत्याही धर्माच्या माणसाला ते करता येते.

मात्र शांत राहणे म्हणजे अन्याय सोसणे, हा अर्थ कुणी काढत असेल तर तो ठामपणे नाकारला पाहिजे. घोरणारा रूममेट आणि पगार थकवणारा मालक हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कामगाराचा पासपोर्ट ताब्यात ठेवणे अमिरातीच्या कायद्याला मंजूर नाही, थकलेल्या वेतनाची तक्रार मनुष्यबळ मंत्रालयाकडे करता येते, आणि दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासाकडेही मार्गदर्शन मिळते. सजगतेचा उपयोग अशा वेळी तक्रार मुद्देसूद मांडण्यासाठी आहे, ती मागे घेण्यासाठी नाही.

शेवटी, सजगता हे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. २०१४ साली माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी ४७ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा ध्यानाने चिंता, नैराश्य व वेदना काही प्रमाणात कमी होतात असे आढळले, परंतु व्यायामासारख्या इतर उपायांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. काही व्यक्तींना तर दीर्घ ध्यानाने अस्वस्थता वाढल्याचा अनुभव येतो, आणि त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पाळीत काम करणाऱ्यांसाठी त्याहून महत्त्वाचा एक शोध आहे: झ्लातान क्रिझान आणि गॅरेट हिसलर यांच्या अभ्यासात सलग दोन रात्री झोप कमी झालेल्या लोकांना त्रासदायक आवाजाचा राग अधिक आला आणि त्यांना त्या आवाजाची सवयही नीट झाली नाही. रूममेटच्या फोनने संतापणाऱ्याचे मन कमकुवत असतेच असे नाही. पुष्कळदा त्याची झोप झालेली नसते. म्हणून एका खोलीत राहणाऱ्यांनी सुटीच्या दिवशी, कुणीही रागात नसताना, एकत्र बसून दिवा बंद करण्याची वेळ, फोनवर बोलण्याची जागा आणि एसीचा आकडा ठरवून घ्यावा.