लाउंजमध्ये पाय ठेवायला जागा नाही! कार्ड कुणाचं चालतं, गर्दी का होते आणि आत वागायचं कसं?

बेळगुंदी : शहराच्या पश्चिमेला बेळगुंदी, पूर्वेला सांबरा. एकेकाळी या पट्ट्यातला माणूस विमान बघायचा तो शेतात रताळी काढताना मान वर करून. आता घरटी नाही, पण गल्लीटी एखादा पोरगा बेंगळूरला, पुण्याला किंवा आखातात नोकरीला असतो. सणाला तो विमानाने येतो, आणि बाळंतपणाला आई-वडील विमानाने तिकडे जातात. निपाणी, खानापूर, चंदगडकडेही हेच चित्र आहे.

या प्रवाशांच्या तोंडी हल्ली एक नवा शब्द आला आहे : लाउंज. "कार्ड दाखवलं की आत जेवण फुकट," एवढं सगळ्यांना ठाऊक झालं आहे. पण आत जाऊन आलेले वेगळंच सांगतात. दारात रांग, आत खुर्ची नाही, इडलीचं भांडं रिकामं आणि कार्ड मशीनवर नाकारलं गेलेलं. असं का होतं, ते समजून घेतलं तर प्रवासाच्या दिवशी होणारा मनस्ताप बराचसा टळतो.

फुकट म्हणजे नेमकं कुणाच्या खिशातून?

लाउंज ही मुळात श्रीमंतांची बैठक. अमेरिकेतल्या अमेरिकन एअरलाइन्सने 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर आपल्या खास पाहुण्यांसाठी असा पहिला क्लब काढला. महागडं तिकीट काढणारा किंवा त्याच कंपनीने वरचेवर फिरणारा, एवढ्यांनाच तिथे प्रवेश. 1992 मध्ये प्रायॉरिटी पास आला आणि कुठल्याही कंपनीचं तिकीट असलं तरी सभासदाला लाउंजमध्ये बसता येऊ लागलं.

भारतात हा दरवाजा सताड उघडला तो बँकांनी. क्रेडिट कार्ड खपवायचं तर ग्राहकाला काहीतरी गोड दाखवावं लागतं. "तिमाहीला दोन वेळा लाउंज मोफत" हे ते गोड. पुढे अनेक डेबिट कार्डांवरही ही सोय आली. रुपे प्लॅटिनम डेबिट कार्ड तर गावातल्या बँकेच्या खातेदाराकडेही असतं.

तुम्ही कार्ड लावता तेव्हा खात्यातून साधारण 2 रुपये, काही कार्डांवर 25 रुपये जातात. ते फक्त कार्ड चालू आहे की नाही हे तपासायला. तुमच्या जेवणाचे खरे पैसे बँक किंवा कार्ड कंपनी लाउंजवाल्याला माणशी हिशेबाने देते. मधे हिशेब ठेवणारी आणखी एक कंपनी असते. म्हणजे जेवण फुकट नाही, बिल दुसरीकडे जातं, इतकंच.

मग गर्दी का?

कारण साधं आहे. माणसं वाढली, कार्डं त्याहून वाढली, खोली मात्र तेवढीच राहिली.

2014 मध्ये देशांतर्गत विमानांनी सुमारे 6 कोटी 74 लाख प्रवासी गेले. 2024 मध्ये हा आकडा 16 कोटी 13 लाखांवर पोचला. दहा वर्षांत दुपटीहून जास्त. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये, पुण्याचं नवं टर्मिनल जुलै 2024 मध्ये सुरू झालं. टर्मिनल मोठं करता येतं, पण लाउंजला मिळते ती ठरावीक चौरस फुटांची जागा. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी विमानांची गर्दी, त्याच वेळी सगळ्यांना भूक.

दुसरं कारण टर्मिनलमधले दर. बाहेर चहा आणि साध्या सँडविचला जे मोजावं लागतं ते बघून माणूस म्हणतो, कार्ड आहे तर आतच जाऊ की! यात कुणाचं चुकतं असंही नाही. चौघांच्या कुटुंबाला बाहेर नाष्टा करायचा तर हजार रुपये पुरत नाहीत.

ही अडचण एकट्या आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने जून 2022 पासून विमानाच्या तीन तासांपेक्षा आधी येणाऱ्यांना आपल्या क्लबमध्ये घेणं बंद केलं, आणि फेब्रुवारी 2025 पासून अनेक कार्डधारकांच्या भेटींवर वर्षाची मर्यादा घातली.

बँकांनी लावलेली कात्री

बिल वाढत गेलं तसं आपल्या बँकांनीही हात आखडला. एचडीएफसी बँकेने 1 डिसेंबर 2023 पासून रेगालिया कार्डावर तिमाहीत 1 लाख रुपये खर्चाची अट घातली. आयसीआयसीआय बँकेने 1 एप्रिल 2024 पासून अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत 35 हजारांची अट आणली, पुढे काही कार्डांवर ती 75 हजार झाली. इतर बँकांनीही कमी-अधिक तोच मार्ग धरला.

खरी मेख आहे "आधीची तिमाही" या शब्दांत. समजा कुणी गणपतीला सप्टेंबरमध्ये गावी येणार आहे. त्याचा जुलै, ऑगस्टचा खर्च इथे मोजत नाहीत. एप्रिल ते जून या काळात कार्डावर किती खर्च झाला, त्यावर सप्टेंबरचा प्रवेश ठरतो. दिवाळीला जायचं तर जुलै ते सप्टेंबरचा हिशेब बघितला जातो. हे माहीत नसतं म्हणून माणूस दारात हुज्जत घालतो, "गेल्या महिन्यात तर चाललं होतं की हो!" गेल्या महिन्यात तिमाही वेगळी होती.

मधल्या कंपन्यांच्या भांडणाचाही फटका बसतो. सप्टेंबर 2024 मध्ये ड्रीमफोक्स या कंपनीमार्फत मिळणारा लाउंज प्रवेश अनेक विमानतळांवर अचानक बंद पडला आणि प्रवासी दारातूनच परत फिरले. वर्षभराने, सप्टेंबर 2025 मध्ये, त्या कंपनीने देशांतर्गत लाउंजची सेवाच थांबवली. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलेली पद्धत आज चालेलच असं नाही. काही बँका आता कार्ड मशीनवर घेत नाहीत. आधी ॲपवरून किंवा मेसेजच्या दुव्यावरून कोड काढावा लागतो.

आणखी एक खड्डा. काही बँका क्रेडिट कार्डासोबत प्रायॉरिटी पासचं वेगळं कार्ड देतात. अनेकदा ते फक्त परदेशातल्या लाउंजसाठी मोफत असतं. तेच कार्ड मुंबई-बेंगळूरला देशांतर्गत लाउंजमध्ये लावलं तर डॉलरमध्ये आकारणी होऊन पुढच्या बिलात कर धरून रक्कम येते. सोबतच्या माणसाचंही तसंच. "एका कार्डावर दोघे" हे फार थोड्या कार्डांवर चालतं.

सीमाभागातल्या प्रवाशाची वेगळी गोची

मुंबईत राहणारा माणूस विमानाच्या दोन तास आधी घरातून निघतो. बेळगुंदीच्या माणसाला ते जमत नाही. सांबऱ्याहून थेट विमानं मोजक्याच शहरांना. मग कुणी जांबोटी, चोर्ला घाट उतरून मोपा गाठतं, कुणी चंदगड, तिलारीवरून जातं. निपाणीकर कोल्हापूरला किंवा महामार्गाने पुण्याला जातात. पावसाळ्यात घाटात झाड पडलं की खेळ खलास, म्हणून शहाणा माणूस चार तास राखून निघतो. रस्ता मोकळा मिळाला की तो पोचतो पाच तास आधी!

आणि नेमकं इथेच लाउंजचा नियम आडवा येतो. बहुतेक ठिकाणी विमानाच्या साधारण तीन तास आधीच प्रवेश मिळतो आणि बसायला दोन-तीन तासच देतात. पहाटे निघालेल्या, उपाशीपोटी पोचलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला दारात "अजून दोन तासांनी या" असं ऐकावं लागतं. हा अपमान नाही, सगळ्यांना सारखाच नियम आहे. पण तो आधी माहीत असला तर घरून डबा बांधून घेता येतो आणि लाउंज शेवटच्या दोन तासांसाठी राखता येतं.

चार माणसांत बसायची रीत

गावच्या पंगतीत कुणाला शिकवावं लागत नाही. मागची पंगत उभी आहे हे दिसलं की माणूस ताट आवरतं घेतो. लाउंजमध्येही तेवढंच करायचं असतं.

खुर्ची माणसासाठी, बॅग खाली. चौघे यायचेत म्हणून चार खुर्च्यांवर रुमाल, पिशवी, जॅकेट टाकून ठेवणं बसमध्ये खपतं, इथे समोर एखादी आजी काठी टेकून उभी असते.

ताटात बसेल तेवढंच घ्यावं. पुन्हा घ्यायला कुणी अडवत नाही. तीन प्लेटा भरून दोन टाकून देणं हे फुकट असलं म्हणून बरं दिसत नाही. डबा भरून बाहेर नेणं बहुतेक लाउंजमध्ये चालत नाही. लहान लेकरासाठी एखादं केळं लागलं तर विचारून घ्यावं, सहसा नाही म्हणत नाहीत.

फोनवर बोलताना आवाज खाली. स्पीकरवर व्हिडिओ कॉल लावून अख्ख्या घराला लाउंज दाखवण्याचा मोह होतो, पण शेजारी कुणी रात्रभर जागून दुसऱ्या विमानाची वाट बघत असतं. लेकरांना मोबाइल द्यायचा तर आवाज बंद करून किंवा कानात घालून.

चार्जिंगची जागा सगळ्यांची. फोन निम्मा भरला की दुसऱ्याला द्यावी. खाऊन, चहा पिऊन झालं, गर्दी दिसते आहे, तर उठून गेटजवळ जाऊन बसावं. दोन तास मिळतात म्हणून दोन तास बसलंच पाहिजे असं नाही.

आणि दारातल्या पोरा-पोरींवर आवाज चढवू नये. कार्ड नाकारतं ते बँकेचं यंत्र. समोर उभी असलेली मुलगी बहुतेकदा कंत्राटी पगारावर बारा तास उभी असते, तिच्या हातात काही नसतं. "दुसरं कार्ड चालेल का बघता का जरा?" एवढं विचारलं तर ती स्वतःच वाट काढून देते.

म्हाताऱ्या माणसांना एकटं पाठवताना

मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. लाउंजच्या मऊ खुर्चीत डोळा लागला आणि विमान गेलं, हे घडू शकतं. गेट विमानाच्या 20 ते 25 मिनिटं आधी बंद होतं, आणि लाउंजपासून गेट दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर असू शकतं. म्हणून वडीलधाऱ्यांच्या फोनवर विमानाच्या तासभर आधीचा गजर लावून द्यावा. गेट नंबर बदलू शकतो, तो फलकावर परत बघायला सांगावं. आपलं कार्ड त्यांच्या हाती देऊन उपयोग नाही. कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव जुळावं लागतं.

लाउंज नाही मिळालं तर?

काही बिघडत नाही. चपाती-भाजी, लाडू, चिरमुरे, कुंद्याचा डबा असं कोरडं खाणं हातातल्या पिशवीत नेता येतं. लोणचं, ताक, पातळ आमटी तपासणीत अडकते. रिकामी बाटली नेली तर आत पिण्याचं पाणी भरून मिळतं.

केंद्र सरकारने डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर उडान यात्री कॅफे सुरू केला. तिथे चहा 10 रुपये, सामोसा 20 रुपये. नंतर चेन्नई, अहमदाबाद असं इतर विमानतळांवरही हे कॅफे आले. जिथे असा कॅफे आहे तिथे नाष्ट्यासाठी लाउंजच्या रांगेत उभं राहायची गरज उरत नाही.

शिवाय विमानालाच उशीर झाला तर खाण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तास किंवा त्याहून जास्त लांबलं आणि प्रवासी वेळेत चेक-इन करून बसलेला असला, तर कंपनीने त्याला नाष्टा-पाणी दिलं पाहिजे असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. त्यासाठी कुठलंही कार्ड लागत नाही. काउंटरवर जाऊन मागायचं, एवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये तीन गोष्टी बघाव्यात. या तिमाहीत किती भेटी उरल्या, आधीच्या तिमाहीची खर्चाची अट भरली का, आणि आपल्या विमानतळाचं, आपल्याच टर्मिनलचं लाउंज यादीत आहे का. कोड लागत असेल तर घरीच काढून ठेवावा. घाट उतरून दमून आल्यावर दारात उभं राहून पासवर्ड आठवत बसण्यापेक्षा ते बरं, मागे रांगेत उभ्या असलेल्यांसाठीही.