‘नको नको’ म्हणजे नकोच!

आळेफाट्याच्या चौकात बॅग घेऊन दोन मिनिटं उभं राहून बघा. ‘कल्याण, कल्याण, कल्याण’ असा पुकारा करत एक जण येतो. तुम्ही कुठं निघालात हे सांगायच्या आत बॅग त्याच्या हातात आणि हातातून डिकीत. तुम्हाला एसटीनं जायचं असेल, तरी आता काय करणार? बॅग गेली की माणूस तिच्यामागं जातोच. हे आपण लहानपणापासून बघतोय. मग परदेशात, विमानतळावर हाच प्रकार झाला की आपली पोरं एवढी का गांगरतात?

हा प्रश्न मला पडला तो मामेभावामुळे. तो बेल्ह्याकडचा. एमबीबीएस करायला परदेशी गेला. विमानातून उतरला, पट्ट्यावरून दोन बॅगा ओढून ट्रॉलीवर ठेवल्या आणि फोनला वायफाय मिळतंय का बघायला एक हात सोडला. तेवढ्यात गणवेशासारखं काहीतरी घातलेला एक वयस्कर माणूस आला, ‘वेलकम माय फ्रेंड’ म्हणाला आणि ट्रॉली ढकलत चालू लागला. भाऊ मागून ‘नो नो अंकल, आय विल’ करत, हसत हसत पळतोय. टॅक्सीपर्यंतचं अंतर शंभर पावलंसुद्धा नसेल. तिथं त्या अंकलनी हात पुढं केला. भावाकडं सुटे नव्हतेच. सगळ्यात लहान नोट वीस डॉलरची होती. ती गेली.

वीस डॉलर म्हणजे तेव्हा सतराशे रुपयांच्या आसपास. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यात बातमी दिसणार नाही. पण मामाचा टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला जातो आणि मंदीत वीस किलोच्या क्रेटला शंभर-दीडशे रुपये मिळाले तरी बरं म्हणायची वेळ येते. म्हणजे शंभर पावलांत निदान दहा-बारा क्रेट गेले! भावानं हे घरी महिनाभर सांगितलं नाही. पैशापेक्षा त्याला लाज जास्त वाटत होती. ‘मला नाही म्हणता आलं नाही गं,’ एवढंच तो मला फोनवर म्हणाला.

त्याचं हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं, कारण तो ‘नाही’ म्हणाला होता. चार-पाच वेळा म्हणाला होता. पण कसं म्हणाला होता, ते आठवा. आपल्याकडे पाहुणा ‘नको नको, आत्ताच घेतला’ म्हणतो आणि चहाचं आधण चढतं. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा कप घ्यायचा, ही आपली रीत. हसून म्हटलेलं ‘नको’ म्हणजे ‘अजून आग्रह करा’. गंमत म्हणजे जगभरच्या विमानतळांवरच्या हमालांनाही हे पक्कं माहीत आहे. आपलं हसणं त्यांना होकार वाटतो. त्यात समोरचा वयानं मोठा असला की आपली जीभ आणखी जड होते. ‘मोठ्या माणसाला असं तोडून बोलू नये’ हे घोडेगावच्या शाळेतही शिकवतात आणि जुन्नरच्याही.

त्याआधी निघतानाचा सीन आठवा. ओतूरहून गाडी माळशेज उतरून कल्याणमार्गे मुंबईला जाते. मंचरकडची मंडळी चाकण-तळेगाववरून एक्स्प्रेस वे धरतात. एका पोराला सोडायला आई, वडील, काका, आत्या, दोन मित्र आणि लाडवांचा डबा. बॅगेला कुणी हात लावू देत नाही. पण टर्मिनलच्या दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो, आणि तिथून पुढं फक्त तुम्ही. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा पहिल्यांदाच तुमच्या एकट्याच्या. त्या आपल्याला उचलता येतात का, हे कुणी घरी बघितलेलंच नसतं. म्हणून पहिली गोष्ट घरीच करा. भरलेली बॅग जमिनीवरून पलंगावर एका दमात ठेवून बघा. नाही जमली तर लोणच्याची एक बरणी कमी करा. जो स्वतःची बॅग उचलू शकत नाही, तो हमालाला लांबूनच ओळखू येतो.

आता थोडं दुसऱ्या बाजूनं. हमाल हा माणूस आपल्याला परका नाही. नारायणगावच्या मार्केटमध्ये क्रेट चढवणारे हमाल, कल्याण स्टेशनवर लाल शर्ट आणि दंडावर बिल्ला असलेले हमाल, यांना आपण रोज बघतो. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी-हमालांसाठी वेगळा कायदा झाला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. यातून काय मिळालं, तर ओझ्याला ठरलेला दर. बाजार समितीत हमाली किती ते ठरलेलं असतं. रेल्वेतही वजनाप्रमाणे दर ठरलेले आहेत. (तिथंही घासाघीस होते, ते सोडा.) परदेशातल्या त्या माणसाचं नेमकं हेच नसतं. अनेक ठिकाणी त्याला पगार नसतो, असला तरी तुटपुंजा असतो, आणि रात्री तीनला उतरणाऱ्या विमानातल्या आपल्यासारख्यांवर त्याचं घर चालतं. त्यामुळं त्याला चोर म्हणायला माझं मन होत नाही. पण म्हणून न मागितलेल्या कामाचे पैसे द्यायचे, हेही मला पटत नाही.

काही देशांत हा सगळा व्यवहार उघड आहे. कैरोला उतरलात तर ‘बक्शीश’ हा शब्द पहिल्या तासात कानावर येईल. शब्द मूळचा फारसी, आणि आपलं ‘बक्षीस’ तेच. आपल्याकडे जुनी माणसं हॉटेलातल्या पोऱ्याला ‘बक्षिसी’ देत, त्याच अर्थानं. तिथं ट्रॉली ढकलली, दार उघडलं, स्वच्छतागृहात टिश्यू हातात दिला, की बक्शीश. अमेरिकेत सामान उचलणाऱ्याला बॅगेमागं एक-दोन डॉलर देण्याचा रिवाज आहे आणि बऱ्याच विमानतळांवर ट्रॉलीलाच भाडं पडतं. जपानमध्ये उलट, टीप देण्याची पद्धतच नाही. आपल्या मुंबई विमानतळावर ट्रॉली फुकट असते. म्हणजे जिथं जाणार, तिथली रीत आधी त्याच कॉलेजातल्या सीनियरला विचारा. एजंटला विचारू नका, तो ‘सगळं होतंय’ एवढंच सांगतो.

मग करायचं काय? मी सात-आठ जणांशी बोलले. सगळ्यांचं एकमत एका गोष्टीवर होतं: ट्रॉलीच्या दांडीवरचा हात सोडायचा नाही. फोन बघायचाय? भिंतीला ट्रॉली टेकवा, स्वतः तिच्यापुढं उभे राहा, मग बघा. कुणी आलं तर थांबायचं नाही, हसायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. ‘माझा मित्र येतोय’, ‘माझ्याकडं पैसे नाहीत’ असं काही म्हटलं की गप्पा सुरू होतात. एकदाच ‘नो, थँक यू’, सपाट आवाजात, आणि चालायला लागायचं. बॅग उचललीच तर तिथंच उभे राहा. मागं पळू नका, ‘स्टॉप’ म्हणा आणि जवळच्या गणवेशातल्या कर्मचाऱ्याकडं बघा. बहुतेक वेळा बॅग खाली येते.

खरंच मदत हवी असेल, तर लाजू नका. गुडघा दुखणारी आजी बरोबर असेल तर हमाल घ्याच. फक्त बॅगेला हात लावायच्या आधी दर ठरवा. ‘फाइव्ह’ म्हणजे काय? बॅगेला पाच की सगळ्या मिळून? डॉलर की तिथलं चलन? बोलण्यात राहू नका, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून त्याला दाखवा. आणि सुटे ठेवा. आपल्याकडे चलन बदलून देणारे पन्नास-शंभरच्या नोटा हातात ठेवतात. हटून एक आणि पाचच्या नोटा मागा. त्या वेगळ्या खिशात, पाकीट बाहेर काढायचंच नाही. चुकून अडकलात तर एक छोटी नोट द्या आणि निघा. रात्री तीनला, अनोळखी शहरात, तत्त्वासाठी भांडायची ती जागा नव्हे.

एका बाबतीत मात्र छोटी नोटसुद्धा नाही. ‘फॉर्म भरून देतो’, ‘रांग टाळून देतो’ म्हणत कुणी पासपोर्ट मागितला तर तो काउंटरमागं बसलेल्या अधिकाऱ्याशिवाय कुणाच्याही हातात जाता कामा नये. ‘ही एवढी पिशवी तुमच्यात ठेवा’ म्हणणाऱ्यालाही तेच. वीस डॉलर पुन्हा मिळवता येतात. दुसऱ्याच्या पिशवीत काय निघालं याचा जाब मात्र तुम्हालाच द्यावा लागतो.

माझी आळ्याची एक मैत्रीण पुढच्या महिन्यात शिकायला जातेय. तिला हे सगळं सांगितलं, तर ती आरशासमोर न हसता ‘नो, थँक यू’ची प्रॅक्टिस करत बसली. दहा-बारा वेळा झालं असेल. तेवढ्यात आतून तिची आई आली, क्षणभर बघितलं आणि म्हणाली, ‘आत्या आल्यात बाहेर. त्यांच्यापुढं असलं तोंड करून जाऊ नकोस.’