विश्लेषण : मास्क लावूनही कामगार टाकीत का गुदमरतो?

सेप्टिक टाकी साफ करायला एक कामगार उतरतो. तो बाहेर येत नाही म्हणून दुसरा उतरतो, पाठोपाठ तिसरा. अशा बातम्या वारंवार येतात आणि ‘मास्क दिला होता का’ असे विचारले जाते. पण नेमका प्रश्न आहे तो ‘कोणता मास्क?’ हा.

एन-९५ काय अडवतो?

हा मास्क हवेतील किमान ९५ टक्के सूक्ष्म कण अडवतो. सिमेंट, दगड, लाकडाच्या धुळीत तो उपयोगी पडतो. मात्र तो चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. दाढी वाढलेली असेल किंवा नाकावरची पट्टी नीट दाबली नसेल, तर हवा कडेने आत शिरते. थिनरची वाफ आणि विषारी वायू मात्र त्यातून आरपार जातात.

मग कार्ट्रिजचा मास्क?

कार्ट्रिजमधील सक्रिय कोळसा वाफ शोषून घेतो. पण प्रत्येक प्रकारच्या वायूसाठी कार्ट्रिज वेगळे असते आणि त्याची क्षमता संपली की ते बदलावे लागते.

टाकीत दोन्ही निकामी का?

सामान्य हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला की हवा धोकादायक मानली जाते. मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. शिवाय सडलेल्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजणे जिवावर बेतू शकते.

खरी सुरक्षा कशात?

आधी यंत्राने उपसा करावा. माणूस उतरवणे अटळच असेल, तर वायुमापकाने वेगवेगळ्या खोलीवर तपासणी, ब्लोअर, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा श्वसनसंच, हार्नेस आणि वर ओढून घेण्याची सोय हवी. वरच्या माणसाने मदतीसाठी आत उडी घेऊ नये. दोरीने ओढावे, अग्निशमन दलाला बोलवावे.

कायदा काय सांगतो?

२०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास बंदी आहे. गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला.

तुमच्या सोसायटीची टाकी साफ करायची असेल, तर ठेकेदाराला दर विचारण्याआधी एवढेच विचारा : यंत्र आणणार की माणूस उतरवणार?