कौल, इजारा आणि पोड : वणी जिल्ह्यातील कागदांचा मागोवा

1853 च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला, आणि 1864 मध्ये अमरावतीतून वेगळा काढलेला, पुढे वणी व 1905 पासून यवतमाळ या नावाने ओळखला गेलेला जिल्हा पैनगंगेपलीकडच्या निजामी मुलखाला भिडलेला, रानाने व्यापलेला सरहद्दीचा प्रदेश होता. त्यापूर्वी येथे परगण्याचा वसूल देशमुख आणि हिशेब देशपांडे पाहत. त्यांचे वतन सनदेने, म्हणजे राजसत्तेच्या अधिकारपत्राने ठरे, तर पडीक जमीन वहितीस आणणाऱ्याला आरंभी हलका व वर्षागणिक चढता सारा बसवणारा इस्तावा कौल मिळे.

नव्या अमलात परगण्याचे हे अधिकारी मागे पडले. परंतु गावचा पटेल आणि पटवारी यांच्यावाचून सरकारचे पान हलत नसे. 1861 पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाल्यावर शेताला सर्व्हे नंबर मिळाला, त्याची नोंद पटवाऱ्याच्या दप्तरात गेली, तर वसूल करणे आणि गुन्ह्याची वर्दी देणे पटेलाकडे राहिले. शिवेचा तंटा उभा राहिला, की पिढ्यान्‌पिढ्या बांध-दगड ओळखणाऱ्या महाराच्या साक्षीला मोठे वजन असे.

या काळाचा सर्वांत बोलका कागद मात्र इजारापट्टा होय. 1865 च्या पडीत जमिनींच्या नियमांनुसार ओसाड गावेच्या गावे लागवडीच्या अटीवर तीस वर्षांपर्यंत पट्ट्याने देण्यात आली, आणि काही गावांच्या नावांना चिकटलेला ‘इजारा’ हा शब्द त्याचीच खूण आहे. अमेरिकेत 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन स्वतः राहून कसणाऱ्याला देऊ केली होती. वणीत मात्र सबंध गाव एकाच इजारदाराच्या हाती जाई आणि प्रत्यक्ष कसणारा त्याचे कूळ ठरे. दोन्हीकडे ‘पडीक’ मानलेल्या भूमीवर आधीपासून कोणी वावरत होते, ही बाब कागदाने दुर्लक्षिली, आणि हा अन्याय केवळ नोंदीतील चूक म्हणून सोडून देता येत नाही. कोलाम आदिवासींची वस्ती, जिला पोड म्हणतात, रानाच्या कडेला असे. तेथील वहिवाट सर्वांना ठाऊक असूनही तिला सनद, कौल किंवा पट्टा यांपैकी कशाचाच आधार नव्हता.

पटेलांचे महसुली पद 1962 च्या कायद्याने संपले, तर पोलीस पाटील 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली आजही कार्यरत आहे. पोडावरच्या वहिवाटीला कायद्यात जागा मिळण्यास 2006 चा वनहक्क कायदा यावा लागला, ज्याच्या नियमांनी दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा म्हणून ग्राह्य धरला.